घोड्याच्या मानेतली शीर आणि सर्पदंशावरचं औषध



आजचा लेख एका मुलाच्या प्रश्नामुळे लिहिते आहे. जुलै महिना होता, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि परिसर अभ्यासाच्या तासाला विषारी सापांची माहिती चालली होती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडचे हे चार मुख्य विषारी साप मुलांना तोंडपाठ असतात. वर्गातल्या एका मुलाचं आजोळ मुळशीकडचं. त्याने उभं राहून सांगितलं, "बाई, माझ्या आजोबांना भातलावणी करताना घोणस चावली होती. दवाखान्यात सलाईनमधून औषध दिलं, म्हणून वाचले."

मी म्हटलं, "बरोबर. आणि ते औषध कशापासून बनतं माहीत आहे का? घोड्याच्या रक्तापासून!" मुलं चकित झाली, मलाही बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पण घोड्याच्या अंगातून रक्त काढतात कसं? त्याला दुखत नाही का?"

मी सांगून टाकलं, "डॉक्टर असतात ना, ते नीट काढतात." तास संपला. पण घरी जाताना माझं मलाच जाणवलं की हे काही उत्तर झालं नाही. "नीट काढतात" म्हणजे नेमकं काय करतात? मग मी वाचायला लागले, एका पशुवैद्य पालकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि एकदा प्रत्यक्ष घोड्याच्या मानेत नळी बसवताना पाहिलंही. मी डी.एड. झालेली शिक्षिका आहे, पशुवैद्य नाही, त्यामुळे हा लेख वाचून कोणी घोड्याला सुई टोचायला जाऊ नये!

आधी घोडाच का, ते पाहू

सर्पदंशावरच्या औषधाला आपण सर्रास "सापाची लस" म्हणतो. खरं तर ती लस नाही. लस आजाराच्या आधी देतात आणि आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडे तयार करतं. साप चावल्यावर तेवढा वेळच नसतो, म्हणून दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याला आयती द्यावी लागतात. ही कल्पना १८९० साली बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी धनुर्वात आणि घटसर्प या रोगांबाबत सिद्ध केली. पुढे १८९५ च्या सुमारास फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी तीच वाट सापाच्या विषासाठी वापरली.

घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत टोचतात. काही आठवड्यांत त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. घोडा मोठा, माणसाळलेला, आणि त्याच्या अंगात रक्तही भरपूर. रक्ताचं वजन साधारण शरीराच्या वजनाच्या आठ टक्के धरलं, तर साडेचारशे किलोच्या घोड्यात सुमारे ३६ लिटर रक्त होतं. मोठ्या माणसात असतं जेमतेम पाच लिटर.

आपल्या पुण्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. पिंपरीत हाफकिनचा विभाग आहे. प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्या नावाची, मूळ मुंबईच्या परळची ही संस्था. सीरमसाठी लागणारे घोडे वर्षानुवर्षं पिंपरीत पाळले जातात. आणि हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट तर कोरोनामुळे घराघरात पोहोचली. पण तिचं नाव "सीरम" का, हे मुलांना विचारून पाहा. पूनावाला कुटुंबाचा मूळ व्यवसाय शर्यतीचे घोडे पैदा करण्याचा. त्यांच्याकडचे निवृत्त घोडे मुंबईला हाफकिनकडे सीरम बनवण्यासाठी जात. तेव्हा सायरस पूनावाला यांच्या मनात आलं की घोडे आपलेच आहेत, तर सीरमही आपणच का बनवू नये? त्यातून १९६६ साली ही संस्था उभी राहिली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या लसकंपन्यांपैकी एकीचा जन्म तबेल्यातून झाला, असं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं किती मोलाचं आहे त्याचा एकच आकडा देते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली. दरवर्षी साधारण ५८ हजार. त्यात शेतात राबणारे जास्त, आणि पावसाळ्यात जास्त. ज्यांना औषध वेळेवर मिळालं आणि जे वाचले, त्या सगळ्यांच्या मागे कुठल्या तरी घोड्याच्या मानेतली शीर आहे.

शीर सापडते कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याआधी एक छोटा प्रयोग करा. हात खाली सोडा, दुसऱ्या हाताने दंड घट्ट धरा. थोड्या वेळात पुढच्या हातावर निळसर शिरा फुगलेल्या दिसतील. एखाद्या सरळ, न फाटणाऱ्या शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराच्या दिशेने सरकवा. आता वरचं बोट उचला. रक्त मागे येत नाही! मधला भाग सपाट राहतो, कारण शिरेत झडपा असतात आणि त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली आपल्या पुस्तकात असाच प्रयोग चित्रांसह दिला होता. वर्गात करून पाहा, मुलांना फार आवडतो. (दंड जास्त वेळ आवळू देऊ नका.)

घोड्याच्या बाबतीत हात नाही, मान पाहायची. वरातीतली घोडी जवळून पाहिली असेल तर आठवा. मानेच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगाला, जबड्यामागून छातीपर्यंत एक लांबट पन्हळ दिसते. दोन स्नायूंच्या मधल्या या पन्हळीत मानेची मोठी शीर असते. डोक्याकडचं रक्त घेऊन ती हृदयाकडे उतरते. पन्हळीत खालच्या बाजूला अंगठा दाबला, की अंगठ्याच्या वरचा भाग पाणी भरलेल्या पाइपसारखा फुगतो. अंगठा उचलला की फुगवटा ओसरतो. ही शीर मोठी, वरवर असलेली आणि हाताला सहज लागणारी असते.

मग अडचण कुठे आहे? अडचण शेजाऱ्याची आहे. याच शिरेच्या आतल्या बाजूला मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी जाते. मानेच्या वरच्या अर्ध्या भागात या दोघींच्या मध्ये एक पातळ स्नायू आडवा येतो, भिंतीसारखा. खाली छातीकडे जाऊ लागलं की ती भिंत संपते आणि शीर आणि धमनी एकमेकींना चिकटून राहतात. तिथे सुई थोडी खोल गेली तर थेट धमनीत. आणि धमनीत औषध गेलं तर ते शरीरभर पसरून सौम्य होण्याआधीच मेंदूत पोहोचतं. काही सेकंदांत घोडा झटके देऊन कोसळू शकतो. चारपाचशे किलोचं जनावर कोसळतं तेव्हा जवळच्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. म्हणून पशुवैद्य सुईची जागा मानेच्या वरच्या भागात, फार तर मध्यापर्यंतच निवडतात.

सुई की नळी?

एकदाच इंजेक्शन द्यायचं असेल तर साधी सुई पुरते. पण दिवसभर सलाईन चालवायची असेल तर पोलादी सुई शिरेत ठेवणं धोक्याचं. प्राणी हलला की तिचं टोक शिरेची भिंत आतून फाडतं. आपल्याला दवाखान्यात हाताला "इंट्राकॅथ" लावतात, ती आठवा. आपण तिला सुईच म्हणतो, पण आत राहते ती मऊ नळी. सुई फक्त वाट करून देते आणि बाहेर येते. या नळीला कॅथेटर म्हणतात.

या नळ्यांची जाडी आकड्यांत सांगतात आणि तो हिशेब उलटा असतो. आकडा मोठा तर नळी बारीक! रंगही ठरलेले असतात. लहान मुलांना पिवळी २४ नंबरची किंवा निळी २२ नंबरची लावतात. मोठ्या घोड्याला बहुधा १४ नंबरची, नारिंगी. निळी नळी एक मिलिमीटरहूनही बारीक, तर नारिंगी दोन मिलिमीटरच्या आसपास. लांबीही सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडीच कमी.

फरक फक्त दुपटीचा वाटतो ना? इथे थोडं गणित आहे. नळीची रुंदी दुप्पट केली की तिच्यातून जाणारं पाणी दुप्पट नाही, साधारण सोळापट होतं. पटत नसेल तर सरबताच्या दोन स्ट्रॉ घ्या, एक जाड आणि एक बारीक, आणि दोन मुलांची शर्यत लावा. घोड्याला पोटशूळ झाला की त्याच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतते. अशा वेळी दिवसाला २० ते ४० लिटर, कधी त्याहून जास्त सलाईन द्यावी लागते. बारीक नळीतून ती जाणार कधी? आपल्या रेसकोर्सवर जुलै ते ऑक्टोबर शर्यतींचा हंगाम असतो, तेव्हा पुण्यात शेकडो घोडे मुक्कामाला असतात. त्यांच्या डॉक्टरांना हे गणित तोंडपाठ असतं.

माणसाच्या आधी घोडा

आता इतिहासाकडे वळते, कारण हा भाग मला स्वतःला सर्वांत जास्त आवडला. थोडा लांबला तर सांभाळून घ्या.

आज मोठ्या हॉस्पिटलमध्ये हृदयापर्यंत नळी घालून तपासणी करतात. "अँजिओग्राफी केली" हे वाक्य आपण रोज ऐकतो. ही नळी माणसाच्या आधी घोड्यात गेली होती.

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी एका घोडीला आडवं बांधून तिच्या पायाच्या धमनीत पितळेची नळी बसवली आणि तिला नऊ फुटांची काचेची नळी जोडली. घोडीचं रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढलं! रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला गेला तो असा. हे सगळं त्यांनी १७३३ साली पुस्तकात छापलं. अशाच एका प्रयोगात दोन नळ्यांमधला सांधा लवचिक हवा म्हणून त्यांनी चक्क हंसाच्या जातीच्या पक्ष्याची श्वासनलिका वापरली. तेव्हा रबरी नळी कुठून आणणार? पण हेही सांगायला हवं, की ती घोडी शुद्धीवर होती, भूल नावाची गोष्टच तेव्हा नव्हती, आणि प्रयोगात तिचा जीव गेला. मुलांना सांगताना मी हा भाग गाळत नाही. आपल्या बी.पी.च्या मशीनची गोष्ट तिच्यापासून सुरू होते.

पुढे १८४४ साली फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून आणि धमनीतून थेट हृदयापर्यंत उपकरण नेलं. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या रक्ताचं तापमान वेगळं असतं का, एवढं त्यांना पाहायचं होतं. मग १८६१ च्या सुमारास शोव्हो आणि मारे या जोडीने त्याच वाटेने हृदयात लांब नळ्या घातल्या आणि आतला दाब कागदावर रेघांनी उमटवला. शोव्हो लियोंच्या पशुवैद्यकीय शाळेत शिकवत. १७६१ साली सुरू झालेली ही जगातली अशी पहिली शाळा. घोड्याचं हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस वेळाच पडतं, त्यामुळे प्रत्येक ठोका सावकाश पाहता येतो. आणि विशेष म्हणजे इथे घोडा उभा होता, हेल्स यांच्या घोडीसारखा बांधून पाडलेला नव्हता.

त्या प्रयोगाचं एक चित्र पाठ्यपुस्तकात छापलं गेलं. जर्मनीतल्या वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने ते पाहिलं. घोड्याच्या मानेतून नळी हृदयापर्यंत जाते आणि घोडा मरत नाही, तर मग माणसाच्या हातातून का नाही? वरिष्ठांनी परवानगी नाकारली. १९२९ साली त्याने स्वतःच्याच हाताच्या शिरेत ६५ सेंटिमीटरची नळी सरकवली, तशीच ठेवून चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचा फोटो काढून घेतला. त्याचं कौतुक व्हायला वेळ लागला. १९५६ साली त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. पुस्तकातलं एक चित्र काय करू शकतं, हे मी शिक्षिका म्हणून कधीही विसरणार नाही.

आणखी एक नाव घेते आणि पुढे जाते. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली एक साधी युक्ती काढली. आधी सुई टोचायची, सुईतून मऊ तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. आगगाडी रुळावरून जाते तशी. माणसांसाठी निघालेली ही युक्ती आता घोड्यांसाठीही वापरतात, विशेषतः लांब आणि मऊ नळी बसवायची असेल तेव्हा. म्हणजे घोड्याकडून माणसाकडे गेलेलं ज्ञान परत तबेल्यात आलं.

मी पाहिलेली गोष्ट

वर उल्लेख केलेले पशुवैद्य पालक एकदा शहराबाहेरच्या एका तबेल्यात पोटशुळाच्या घोडीवर उपचार करायला निघाले होते. "बाई, बघायचंय ना? या," म्हणाले. मी गेले. घोडी घामाने निथळत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती, सारखी मागे वळून पोटाकडे बघत होती. मोतद्दार तिच्या डोक्यापाशी उभा राहून तिच्याशी काहीतरी बोलत होता.

डॉक्टरांनी आधी मानेवरचे केस मशीनने काढले, साधारण तळहाताएवढ्या जागेवरचे. मग जंतुनाशकाने तीच जागा पुन्हा पुन्हा पुसली. मी मनात मोजत होते, पाचव्या बोळ्यानंतर मोजायचं सोडलं. "यातच अर्धं काम असतं," ते म्हणाले. नंतर अगदी बारीक सुईने भुलीचं औषध कातडीखाली दिलं, छोटीशी गाठ उठली. घोड्याची कातडी जाड असते. नळी थेट घुसवली तर तिचं टोक चुरगळतं, म्हणून त्या सुन्न जागी पात्याने बारीकशी चीर दिली. हातमोजे बदलले.

मग डाव्या हाताचा अंगठा पन्हळीत. शीर फुगली. उजव्या हाताने सुईसकट नळी तिरकी टेकवली, टोक खाली हृदयाच्या दिशेने. तेवढ्यात घोडीने मान झटकली. डॉक्टर थांबले. ओरडले नाहीत, घाई केली नाही. मोतद्दाराने तिच्या कपाळावर हात फिरवला. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा नळीच्या मागच्या टोकाला गडद लाल रक्त दिसलं, संथपणे येणारं. "हे बघा, काळपट आणि सावकाश. म्हणजे शिरेत आहे. लालभडक आणि उसळून आलं असतं तर धमनी, लगेच बाहेर!" मग त्यांनी सुई मानेला जवळजवळ समांतर केली, किंचित पुढे नेली, आणि सुई जागेवर धरून वरची नळी अलगद आत सरकवली. सुई बाहेर आली, नळीला लगेच टोपण बसलं.

टोपणाची एवढी घाई का, ते मी नंतर विचारलं. घोड्याची मान हृदयापेक्षा उंच असते. तो मान वर करून उभा असताना त्या शिरेत उलट ओढ तयार होते. नळी उघडी राहिली तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत खेचली जाऊ शकते, आणि हवेचे बुडबुडे हृदयात गेले तर घोडा दगावू शकतो.

शेवटी नळी कातडीला टाके घालून पक्की केली आणि गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन घातलेल्या सलाईनने धुतली. तबेल्याच्या आढ्याला पाच-पाच लिटरच्या पिशव्या टांगल्या. आपल्याला अर्ध्या लिटरची बाटली लावतात! संध्याकाळी फोन आला की घोडीने लीद टाकली. लीद टाकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

शीर खराब झाली तर?

तुम्हाला वाटेल, एवढी मोठी शीर आहे, एकदोनदा चुकलं तर काय बिघडलं? बिघडतं. नळी ही शरीराच्या दृष्टीने परकी वस्तू. तिच्याभोवती रक्ताची गुठळी धरते, जंतू शिरले तर शीर सुजते, आणि काही दिवसांत ती हाताला दोरखंडासारखी कडक लागते. एका बाजूची शीर बंद झाली तर दुसरी काम सांभाळते. पण दोन्ही बाजू एकदम बंद झाल्या तर डोक्याकडचं रक्त उतरायचं कुठून? तोंड सुजतं, नाकपुड्या सुजतात. आणि घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा श्वास फक्त नाकाने चालतो. आता लक्षात आलं ना, मानेतल्या एका शिरेची एवढी काळजी का करायची?

म्हणूनच गेल्या काही दशकांत हे तंत्र सुधारण्यावर मेहनत झाली, ती बरीचशी नळी कशाची बनवायची यावर. टेफ्लॉनची नळी ताठ असते, आत जायला सोपी, पण शिरेला आतून घासते. ती साधारण तीन दिवसांत काढतात. पॉलियुरेथेनची नळी शरीराच्या उबेने मऊ पडते आणि नीट निगा ठेवली तर आठवडा-दोन आठवडे राहू शकते. सिलिकॉनची त्याहून मऊ, पण इतकी लुळी की तारेच्या आधाराशिवाय आत घालणं कठीण. मानेतल्या शिरा वापरता येत नसतील तर छातीच्या बाजूची किंवा पायाची शीर शोधतात. आता सोनोग्राफीने शीर पडद्यावर बघत बघतही नळी घालता येते. पण रोज सकाळ-संध्याकाळ पन्हळीवरून हात फिरवून गरम लागतंय का, दुखतंय का हे पाहणं कोणत्याही मशीनने टळलेलं नाही.

परत त्या प्रश्नाकडे

सीरमच्या घोड्यांचं थोडं वेगळं असतं. पोटशुळाच्या घोडीला नळी काही दिवसांसाठी लागली. सीरमच्या घोड्याचं रक्त मात्र ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा घेतात, वर्षानुवर्षं, आणि त्याच दोन शिरांमधून. रक्त जाड सुईने किंवा नळीने बंद पिशवीत उतरवतात. प्रतिपिंडे असतात रक्ताच्या पिवळसर द्रवात, तांबड्या पेशींमध्ये नाही. म्हणून रक्तद्रव वेगळा करून घेतात आणि चांगल्या पद्धतीत उरलेल्या तांबड्या पेशी कोमट सलाईनमध्ये मिसळून त्याच घोड्याला परत चढवतात. मला हे माहीतच नव्हतं! पेशी परत मिळाल्या तर घोड्याला रक्तक्षय होत नाही आणि तो लवकर सावरतो. पण यात शिरेवर ताण दुप्पट, कारण आधी काढायचं आणि मग द्यायचंही. तंत्र कच्चं असेल, जागा स्वच्छ नसेल, सुई बोथट असेल, तर त्याची किंमत घोडा मोजतो. अशा प्राण्यांसाठी आपल्याकडे सरकारी नियम आहेत, तपासणीही होते. तरी माझं मत असं की नियम कागदावर असतात आणि सुई माणसाच्या हातात असते. तो हात शिकलेला आणि सबुरीचा हवा.

तर मुलाच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं, की हो, दुखतं. सुई टोचताना दुखतं, आणि आधी विष टोचलेल्या जागी सूजही येते. जागा सुन्न करून, धारदार सुईने, सवय केलेल्या माणसाने, घोड्याला न घाबरवता केलं तर खूप कमी दुखतं. वाईट रीतीने केलं तर खूप.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात हे सगळं सांगितलं. फळ्यावर घोड्याची मान काढली (ती गाढवासारखी दिसत होती, मुलांनी तसं सांगितलंही), निळ्या खडूने शीर, लाल खडूने धमनी आणि मधली भिंत दाखवली. मुळशीच्या आजोबांचा नातू बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, एकदा उजवीकडून काढलं तर पुढच्या वेळी डावीकडून काढतात का? म्हणजे एका बाजूला आराम."

मी त्या पालकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "हो, शक्यतो बाजू बदलतोच."

दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधी त्याला तेवढं सांगितलं.